पाहुण्यांच्या बाजूनं

१८ ऑक्टोबर २०१४, शनिवार. विधानसभेचं मतदान तीन दिवसांपूर्वी झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मतमोजणी होती. लोकलमध्ये, रिक्षात, शाळेच्या स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. त्या संध्याकाळी मी मात्र पुण्याहून बकरी ईदच्या भेटीला उशिरा आलेल्या भाच्याला घेऊन नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर फुटबॉल बघायला गेलो. इंडियन सुपर लीगचं पहिलंच वर्ष होतं. मुंबई सिटी विरुद्ध पुणे सिटी, मुंबईचा घरच्या मैदानावरचा पहिला सामना. भाचा पुण्याचा, मीही मूळचा पुण्याचा. नोकरीनं नवी मुंबईला आणलं, तरी जीभ अजून तिकडचीच. त्यामुळे आम्ही दोघं पुण्याच्या बाजूनं होतो आणि आमच्या आजूबाजूचे हजारो लोक मुंबईच्या.

युरोपात पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना वेगळा कोपरा देतात, मधे कुंपण घालतात, पोलीस उभे करतात. तशी सोय तेव्हा आपल्याकडे कुणाच्या डोक्यात आली नव्हती. जिथलं तिकीट मिळालं तिथं बसलो. भाच्यानं सुरुवातीला मोठ्या जोशात आरोळी ठोकली. पुण्याकडे फ्रान्सचा त्रेझेगे आहे, विश्वचषक जिंकलेला माणूस, असं तो शेजारच्यांना ऐकवत होता. पुढे जे झालं ते थोडक्यात सांगतो. आंद्रे मोरिट्झ नावाच्या ब्राझीलच्या खेळाडूनं एकट्यानं तीन गोल केले. त्या लीगमधली ती पहिली हॅटट्रिक. एकूण निकाल, मुंबई पाच, पुणे शून्य.

तिसऱ्या गोलनंतर मागच्या रांगेतला एक गृहस्थ पुढे वाकून म्हणाला, “काय पुणेकर, दुपारच्या झोपेतून उठले नाहीत वाटतं तुमचे लोक?” आसपासचे सगळे हसले. चौथ्या गोलनंतर त्यानंच फरसाणाची पुडी पुढे केली. भाच्यानं रागानं मान फिरवली, मी घेतलं. बाहेर पडताना कुणीतरी ओळखून “एक ते चार बंद!” अशी आरोळी दिली. भाचा नेरूळ स्टेशनपर्यंत एक शब्द बोलला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाला, “मामू, आप हसते क्यूं थे?”

त्याला तेव्हा नीट सांगता आलं नाही. कारण सांगायचं तर अकरा वर्षं मागं जावं लागलं असतं.

१ मार्च २००३. मी बी.एड. करत होतो. होस्टेलच्या टीव्हीच्या खोलीत सत्तर-ऐंशी मुलं दाटीवाटीनं बसलेली, दक्षिण आफ्रिकेतल्या सेंच्युरियनला भारत-पाकिस्तान सामना चाललेला. सचिन ९८ वर बाद झाला तेव्हा खोलीत सुतकी शांतता पसरली. मीही डोकं धरून बसलो होतो. तेवढ्यात एक वर्गमित्र, वाईट मुलगा नव्हता तो, माझ्याकडे बघून हसत म्हणाला, “तू कशाला तोंड पाडतोस? तुमचा तर फायदाच झाला.” त्या दिवशी भारताकडून श्रीरामपूरचा झहीर खान गोलंदाजी करून गेला होता, मोहम्मद कैफ सचिनबरोबर भागीदारी करून गेला होता. ते सगळं त्या खोलीत सगळ्यांनी बघितलं होतं. भारत सामना जिंकला, मुलं अंगणात नाचली, मीही नाचलो. पण ‘तुमचा’ हा शब्द काही डोक्यातून गेला नाही. माझ्याच राज्यात, माझ्याच भाषेच्या खोलीत, माझ्याच देशाच्या सामन्याला मला कुणीतरी पाहुण्यांच्या बाजूला बसवलं होतं.

नेरूळला पहिल्यांदाच असं झालं की मैदानावर मला कुणी चिडवलं आणि ते पुणेकर म्हणून चिडवलं. निव्वळ पुणेकर म्हणून. मी हसणार नाही तर काय करणार!

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे जरा जास्त लक्ष जातं. इंग्रजीत परगावी खेळायला जाणाऱ्या संघाला ‘अवे’ म्हणतात, म्हणजे लांबचा, बाहेरचा. उर्दू वर्तमानपत्रं ‘मेजबान टीम’ आणि ‘मेहमान टीम’ लिहितात. मराठीत ‘यजमान’ आणि ‘पाहुणा संघ’. आपल्या दोन्ही भाषांनी त्याला घरात घेतलंय. आता प्रश्न असा की आपल्या मुंबईनं हे शब्द खेळाच्या मैदानावर कितपत पाळले? त्याचा इतिहास मोठा आहे आणि त्यातला बराचसा फुटबॉलचा नाही, क्रिकेटचा आहे.

१८७५ साली मुंबईत बॉम्बे जिमखाना उभा राहिला. सदस्यत्व फक्त युरोपियनांना. शेजारच्या मैदानावर पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळायची, आणि त्याच मैदानावर गोऱ्या साहेबांचे घोडे पोलो खेळायचे. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची वाट लागायची. १८८१ पासून या पोरांनी सरकारकडे अर्ज केले. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी पुढे पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिला, त्यात या भांडणाची हकीकत आहे. मैदान आपल्या शहराचं, पण त्यावर आपणच पाहुणे, ही तक्रार मुंबईच्या खेळात इतकी जुनी आहे.

पुढे सरकारनं समुद्राकाठच्या भरावाची जमीन दिली आणि केनेडी सी फेसवर, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हवर, तीन जिमखाने एका ओळीत उभे राहिले. पारशी, इस्लाम आणि हिंदू. इस्लाम जिमखान्याच्या उभारणीत न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजींसारखी माणसं होती. हेच तय्यबजी १८८७ साली मद्रासला काँग्रेसचे अध्यक्ष होते, हे इथं मुद्दाम सांगतो. स्वतःच्या जमातीचा जिमखाना काढणं आणि साऱ्या देशाच्या सभेचं अध्यक्षपद भूषवणं यात त्या पिढीला काही विसंगती वाटत नव्हती. आज मागं वळून बघताना आपल्याला ती वाटते. मला स्वतःला थोडी वाटते, थोडी नाही. ज्यांना बॉम्बे जिमखान्याच्या दारातून आत घेत नव्हते, त्यांनी स्वतःचं दार बांधलं, एवढं तर कबूल करावं लागेल.

पारशी आणि युरोपियन यांचे सामने आधीपासून चालू होते. १९०७ साली हिंदू संघ आला आणि तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला, चौरंगी झाली. १९३७ साली उरलेल्या सगळ्यांचा, म्हणजे ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू वगैरेंचा ‘रेस्ट’ नावाचा संघ आला आणि पंचरंगी. ‘रेस्ट’, म्हणजे बाकीचे! शाळेत हजेरी घेताना एखाद्या गटाला ‘बाकीचे’ म्हणून हाक मारली तर त्या मुलांना काय वाटेल? या बाकीच्यांमध्ये विजय हजारे होते. सांगलीचे, मराठी, ख्रिस्ती कुटुंबातले. १९४३ च्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्या हजारेंच्या ३०९ होत्या. भाऊ विवेक समोर उभा राहिला आणि त्या त्रिशतकी भागीदारीत त्याच्या धावा होत्या २१. प्रतिस्पर्धी होता हिंदूंचा संघ. आता त्या दिवशी गिरगावातून ब्रेबॉर्नवर गेलेल्या मराठी माणसानं काय करायचं? फलंदाज सांगलीचा, पण संघ समोरचा. टाळी वाजवायची की हात मांडीवर ठेवायचे?

ब्रेबॉर्न येईपर्यंत हे सामने बॉम्बे जिमखान्यावर होत. म्हणजे युरोपियन संघ सोडला तर सगळेच तिथं पाहुणे. खेळायला परवानगी होती, क्लबाचं सदस्यत्व मात्र नाही. ज्या पॅव्हिलियनमध्ये एरवी पाऊल ठेवता येत नाही, त्याच्यासमोर आपल्या शहराची माणसं आपापल्या जमातीच्या तंबूत बसून साहेबाला हरताना बघायची. १९०६ साली हिंदू संघानं युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या संघात पळवणकर बाळू होते.

बाळूंबद्दल जरा थांबून लिहिलं पाहिजे, कारण पाहुणा असणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं फार कमी खेळाडूंनी भोगलं असेल. चर्मकार समाजातला हा माणूस पुण्यात गोऱ्यांच्या क्लबाच्या मैदानावर कामाला होता. रोलर फिरवायचा, खेळपट्टी तयार करायची, आणि ग्रेग नावाच्या साहेबाला सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचे. बॅट त्यांच्या हातात कुणी दिली नाही. त्यांच्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ती झाली तेव्हा पुण्यातल्या हिंदू संघानं त्यांना घेतलं. मैदानात चेंडू सगळे हातात घेत, पण चहाच्या वेळी बाळूंचा चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या भांड्यात. एकदा हा संघ साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध खेळायला गेला. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी दोन आठवडे खेळपट्टीवर रोलर फिरवून ती दगडासारखी करून ठेवली होती. बाळूंनी सात बळी घेतले. परगावी पाहुण्याला त्रास द्यायची ही पद्धत जुनीच, खेळात चालायचंच, त्यात मला मोठंसं वावगं वाटत नाही. पण साताऱ्याच्या साहेबानं त्यांना निदान प्रतिस्पर्धी मानलं होतं. चहाचं वेगळं भांडं ठेवणारे त्यांचे आपले होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच माणसानं ११४ बळी घेतले, आणि तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये.

बॉम्बे जिमखान्याची आणखी एक आठवण सांगून पुढे जातो. डिसेंबर १९३३. हिंदुस्थानातली पहिली कसोटी याच मैदानावर झाली. लाला अमरनाथनं ११८ धावा केल्या आणि लोक मैदानात धावत सुटले. कर्णधार सी. के. नायडू, पाच बळी घेणारा मोहम्मद निसार, चाळिशी ओलांडून पहिली कसोटी खेळणारा पारशी जमशेदजी. चार दिवस तंबू वेगळे असले तरी टाळी एकाच बाजूला पडत होती. सामना इंग्लंडनं आरामात जिंकला. पुढच्या हंगामात परत चौरंगी सुरू झाली आणि हेच लोक आपापल्या तंबूत जाऊन बसले.

१९३७ साली ब्रेबॉर्न स्टेडियम तयार झालं. खरं तर ही सगळ्यांसाठी आनंदाची गोष्ट. हिंदी क्रिकेटला पहिल्यांदा स्वतःचं म्हणता येईल असं घर मिळालं, कुणाच्या अंगणात जायला नको. आणि पहिल्याच वर्षी भांडण झालं ते खुर्च्यांवरून! कोणत्या जिमखान्याला किती जागा, यावरून हिंदू जिमखान्यानं आपला संघ मागं घेतला. त्या वर्षी मुसलमानांचा संघ जिंकला, पण हिंदूंशी न खेळता जिंकला, त्यामुळे भेंडीबाजारातल्या माणसाला विजयाची चव कितपत लागली असेल याची शंका आहे. घर सामाईक झालं की आधी बसण्याची जागा वाटून घ्यावी लागते, आणि जमातीच्या हिशेबानं वाटायला गेलं की ती कधीच पुरत नाही. हे आपल्याकडे दहा वर्षांनी देशाच्या पातळीवर झालं, असं म्हणायचा मोह होतो. पण इतिहासाच्या शिक्षकांना अशा घाईच्या तुलना आवडत नाहीत, म्हणून आवरतो.

डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींकडे गेली. देशभर सत्याग्रही तुरुंगात जात आहेत, अशात पंचरंगी खेळावी का, असा प्रश्न. गांधीजींनी सरळ विरोध केला. त्यांच्या उत्तरातला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. कॉलेजा-कॉलेजांचे, संस्था-संस्थांचे सामने आपण समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी हे आपल्याला कधीच कळलं नाही, असा त्यांचा आशय होता. म्हणजे ईर्ष्येला त्यांची ना नव्हती. ईर्ष्या असू दे, पण माणूस ज्या दारातून आत आला आणि ज्या दारातून बाहेर पडू शकतो अशा गोष्टीची असू दे. कॉलेज तीन-चार वर्षांचं असतं. शहर बदलता येतं, माझ्यासारखं. हिंदू जिमखान्याच्या सदस्यांनी मतदान घेऊन माघार घेतली आणि त्या वर्षी हिंदू संघ उतरला नाही. मुसलमानांच्या संघानं ‘रेस्ट’ला हरवून स्पर्धा जिंकली. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ तेव्हा या स्पर्धेवर सातत्यानं टीका करत होतं, आणि त्याचे संपादक होते सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी. ही स्पर्धा फक्त एका बाजूला नकोशी होती असं समजणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

पण स्पर्धेच्या बाजूनंही दोन शब्द बोलले पाहिजेत. १९४४ चा सप्टेंबर. मलबार हिलवर गांधी आणि जिना यांच्या वाटाघाटी अठरा-एकोणीस दिवस चालल्या आणि फिसकटल्या. त्याच हंगामात, तिथून हाकेच्या नाही तरी घोडागाडीच्या अंतरावर, ब्रेबॉर्नवर हिंदू आणि मुसलमान अंतिम सामन्यात समोरासमोर आले. मुसलमानांचा शेवटचा डाव, गडी बाद होत होते, आणि के. सी. इब्राहिम एका टोकाला १३७ वर नाबाद. एक गडी राखून मुसलमान जिंकले. हिंदूंचे कर्णधार विजय मर्चंट आणि हा इब्राहिम, दोघंही रणजी स्पर्धेत मुंबईच्याच संघाचे. इंदूरचा मुश्ताक अली ज्यांच्या हाताखाली तयार झाला ते नायडू या स्पर्धेत समोरच्या संघात. सामना संपला आणि शहरात दंगल झाली नाही. राजकारणात जे जमलं नाही ते मैदानावर जमलं, असं त्या काळच्या जुन्या माणसांना वाटत असेल तर त्यांना मी भाबडं म्हणणार नाही. हाच इब्राहिम १९४८ मध्ये दिल्लीत भारताकडून पहिली कसोटी खेळला आणि ८५ धावा काढल्या. आयुष्याची अखेर मात्र २००७ मध्ये कराचीत झाली. या एका माणसाला यजमान म्हणायचं की पाहुणा, हे सांगणं अवघड आहे. १९४६ मध्ये पंचरंगी कायमची बंद पडली.

आता फुटबॉलकडे येतो, म्हणजे ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिकडे.

मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स कप खेळला जायचा, कुपरेजच्या मैदानावर. कितीतरी वर्षं तो गोऱ्या पलटणींच्या आपसातला मामला होता. १९२३ मध्ये कलकत्त्याचा मोहन बागान आला, अंतिम फेरीपर्यंत गेला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. १९३७ मध्ये पहिल्यांदा हा चषक एका हिंदी संघानं जिंकला, तो म्हणजे बंगलोर मुस्लिम्स. पुढच्या वर्षी परत त्यांनीच. इकडे कलकत्त्यात मोहमेडन स्पोर्टिंगनं १९३४ ते १९३८ अशी लागोपाठ पाच वर्षं लीग जिंकून गोऱ्या संघांची मक्तेदारी मोडून काढली होती. या विजयांचा अभिमान देशभरातल्या मुसलमान मोहल्ल्यांत होता. इतरांनाही होता, कारण साहेब हरत होता.

आणि मग १९४०. रोव्हर्स कपचा अंतिम सामना, कुपरेज, मोहमेडन स्पोर्टिंग विरुद्ध बंगलोर मुस्लिम्स.

हे वर्ष लक्षात घ्या. मार्चमध्ये लाहोरचा ठराव झाला होता. डिसेंबरात गांधीजी म्हणणार होते की जमातीचे संघ नकोत. आणि मधे कुपरेजवर डोंगरी-मदनपुऱ्यातून आलेला मुंबईचा मुसलमान बाकावर बसून विचार करतोय की आता आपण कुणाच्या बाजूनं? दोन्ही संघांच्या नावातच त्याचा धर्म लिहिलेला. एक कलकत्त्याचा, एक बंगळूरचा, मुंबईचा कुणीच नाही. मोहमेडननं तर तीसच्या दशकात बंगळूरहूनच खेळाडू नेलेले, म्हणजे तिथंही सरमिसळ. जमातीच्या नावानं टाळी वाजवायची सवय लागलेल्या माणसाला त्या दिवशी जमात काहीच उत्तर देत नव्हती. मग तो काय बघत असेल? चांगला पास. उजव्या बाजूनं धावणारा विंगर. कदाचित शेजारी बसलेला माणूस बंगळूरचा असेल आणि त्याच्याकडून कलकत्तावाल्यांना चिडवायला शिकला असेल. मोहमेडन जिंकले. त्याच डिसेंबरात दिल्लीला जाऊन त्यांनी डुरँड कपही घेतला, आणि तो घेणारा पहिला हिंदी संघ ठरले.

मला या अंतिम सामन्याचं वर्णन करणारं कुणी घरात भेटलं नाही. आमचे बुजुर्ग पुण्यात होते आणि त्यांना कुस्तीचं वेड. पण तो प्रेक्षक मला भेटला, सत्त्याहत्तर वर्षांनी, आणि भेटला नेरूळमध्येच.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. डी. वाय. पाटीलवर जो गट खेळला त्यात पॅराग्वे, माली, न्यूझीलंड आणि तुर्की. आमच्या शाळेतल्या मुलांना घेऊन जायचं ठरलं आणि सामना मिळाला ९ ऑक्टोबरचा, तुर्की विरुद्ध माली. आदल्या दिवशी वर्गात बोललो तर निम्म्या मुलांनी आधीच पक्ष ठरवला होता, तुर्की. कारण विचारलं तर एक म्हणाला, “सर, वो अपनेवाले हैं.” मी फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढला, माली दाखवला, टिंबक्टू दाखवलं, तिथल्या जुन्या मशिदी आणि हस्तलिखितांबद्दल सांगितलं. मालीतले बहुतेक लोक मुसलमान आहेत हे कळल्यावर वर्गात जी शांतता पसरली ती बघण्यासारखी होती. मागच्या बाकावरून आवाज आला, “तो फिर किसको सपोर्ट करना, सर?” मी म्हणालो, उद्या जाऊन बघा.

हे स्टेडियम एका शिक्षणसंस्थेच्या आवारात आहे. आत शिरताना मुलांना त्याचं फार आश्चर्य वाटलं. कॉलेजचं मैदान एवढं मोठं? अमेरिकेत काही विद्यापीठांच्या मैदानांवर लाखावर माणसं बसतात आणि शेजारच्या राज्यातल्या कॉलेजला हरवणं हा वर्षाचा सण असतो, असं सांगितलं तर ती हसायला लागली. त्यांच्या दृष्टीनं कॉलेज म्हणजे ॲडमिशनची रांग. गांधीजींनी ज्या ईर्ष्येला परवानगी दिली होती तिची सवयच आपल्याकडे फारशी उरली नाही, असं वाटून गेलं.

सामना सुरू झाला तेव्हा मुलं दोन गटांत विभागली गेली होती, आणि हे गट कशावरून पडले ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मित्रामित्रांत पडले असावेत. एका बाकावर तुर्की, दुसऱ्यावर माली. माली वेगानं, जोरात खेळत होते, तुर्कीला चेंडूच मिळत नव्हता. पहिला गोल झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. तुर्कीच्या बाकावरचे दोघं-तिघं तर मधेच उठून मालीच्या बाकावर जाऊन बसले आणि त्यांना तिथं जागा मिळाली, थोडं सरकून.

परतताना रस्त्यात मी भाच्याला फोन लावला. पुण्याचा संघ तेव्हा अजून होता, दोन वर्षांनी तो बंदच पडला आणि त्याच्या जागी हैदराबादचा आला. तीन-शून्य, मी म्हणालो, तेही आमच्याच मैदानावर. तो म्हणाला, “मामू, पाच-शून्य से तो कम है.” मागून मुलं ओरडत होती, तुर्कीच्या मुलांना. काय ओरडत होती ते नीट ऐकू आलं नाही, पण हसणाऱ्यांत तुर्कीवालेही होते. नेरूळ स्टेशनवर पोचलो तेव्हा पनवेलची गाडी लागली होती. हजेरी घेतली. सगळी होती.